डाव्या हाताचं नंतर बघू

मंडळी, आज जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

सत्तरच्या दशकात माझी मैत्रीण शालू आणि मी धुळ्याच्या एका शाळेत होतो. संगीताच्या सरांनी आम्हाला दोन पियानोंसाठीची एक विलायती रचना शिकवायला घेतली. शाळेत पियानो एकच. तो शालूला मिळाला आणि मला प्रार्थनेची बाजाची पेटी. माझा डावा हात भात्यावर, त्यामुळे उजव्या हाताचेच सूर बसले.

"डाव्या हाताचं नंतर बघू, दुसरा पियानो येतोय," सर म्हणायचे.

तो आला नाही. मी लग्न होऊन जळगावला आले. पुढे सरही वारले.

आता इथेच जळगावात, मेहरूणला, माझ्या भाच्याच्या क्लासात दोन पियानो आहेत. आज सकाळच्या एसटीनं शालू आली. आम्ही शेजारी बसून सुरुवात केली. तिची बोटं आखडलीत, तरी तिचं बरोबर चाललं होतं. मध्येच ती थांबली.

"अव माय, तुना डावा हात कोठे शे?"

मी पाहिलं. तो पियानोच्या पट्ट्यांवर न टेकता वर हवेतच पुढे-मागे हलत होता. भाता मारत होता.

आम्ही खूप हसलो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. त्यानंतर हसू आलं नाही.

"मावशी, आता शिकून घे की," भाचा म्हणाला.

शालूनं आपली आखडलेली बोटं चोळली आणि पर्स उचलली. मी शिकेन तोवर ती चालायची नाहीत.

तिला स्टँडवर सोडून आत्ताच घरी आले. तुमच्यातलं कोणी अशा एखाद्या 'नंतर'ची वाट बघतंय का? बघत असाल तर नका बघू.