जिन्याखालची टोरो

जयंतकाकांनी "छान" म्हटलं की मला धास्तीच वाटायची. टेक्सासमधल्या फ्रिस्कोला राहायला आलो त्याच आठवड्यात शेजारचे म्हणून मी त्यांना जेवायला बोलावलं होतं. आमटी छान, भाजी छान, खीर तर फारच छान! मी हुरळून गेले. वर्षभराने त्याच आमटीचा भुरका मारून ते म्हणाले, "अगं, आमटी आहे का ही? नुसतं चिंचेचं पाणी!" मी फुगून बसले, तर शांतपणे म्हणतात कसे, "खोटं कौतुक पाहुण्यांसाठी असतं. तू आता घरची झालीस."

काका मूळचे नाशिकचे, तीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून रिटायर झालेले. काकू जाऊनही बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी, इरा. तिने चांगला टेक जॉब सोडून वायनरीत काम धरलं, तेव्हा काकांनी तिलाही घरच्या भाषेत सुनावलं, "एवढं शिकून द्राक्षं चिरडणार?" त्यानंतर ती घरी आली नाही. फोन यायचा, पण "आय ॲम गुड, बाबा"च्या पुढे गाडी सरकत नसे.

शेवटी न राहवून काका एका हंगामात ती काम करत होती तिथे, स्पेनमधल्या टोरो गावी, जाऊन धडकले. तिने मळा दाखवला, नीट वागवलं आणि निघताना रेड वाइनची एक बाटली दिली. "फोर इयर्स ठेवा, बाबा. मग मी येते, आपण ओपन करू."

परत आल्यापासून काकांना दुसरा विषय नव्हता. "आपल्या नाशिकला द्राक्षाला मांडव लागतो गं. तिथे काही नाही! गुडघ्याएवढी झुडपं, एकमेकांपासून लांब लांब. पाऊस बेताचा, ऊन भाजून काढणारं. जमीन वाळूची. कधीकाळी मुळं खाणारी कीड आली, युरोपभर मळेच्या मळे गेले, पण त्या वाळूत ती जगलीच नाही. तिथल्या जुन्या वेली अजून स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत." आणि चव कशी असते? "काळीभोर वाइन. द्राक्षाची सालच जाड ना! पहिल्या घोटाला अंगावर येते, जीभ आवळते. धीर धरलास तर मग बोलायला लागते." एवढं बोलून ते इराच्या फोटोकडे बघत बसायचे.

चौथ्या वर्षी उन्हाळ्यात बहिणीच्या आजारपणामुळे काकांना तीन महिने नाशिकला जावं लागलं. बंद घरात एसी चालू नसणार, म्हणून बाटली माझ्याकडे आली. "जिन्याखालच्या कपाटात आडवी ठेव. उष्णता लागली की संपली ती."

मी ठेवली. पंधरा दिवसांनी पुण्याहून सासूबाई आल्या आणि देव मांडायला त्यांना नेमकं तेच कपाट आवडलं. देवांशेजारी दारू! मी घाईघाईने बाटली गॅरेजमध्ये खोक्यांमागे सरकवली, दोन दिवसांपुरती. आणि विसरले. टेक्सासचा जुलै गेला, ऑगस्ट गेला. काका परतायच्या आदल्या दिवशी आठवण झाली तेव्हा मी धावत गॅरेजमध्ये गेले. बूच वर सरकलं होतं, बाटलीवर चिकट ओघळ आला होता. मी तो पुसला आणि गप्प राहिले. काका बाटली छातीशी धरून "शनिवारी येतेय गं इरा!" म्हणाले, तेव्हाही गप्पच राहिले.

माझा नवरा निखिल म्हणाला, "सांगून टाक यार."

"अरे, चार वर्षं थांबलाय तो माणूस! कुठल्या तोंडाने सांगू?"

शनिवारी दुपारी काकांनी मलाही बोलावलं. इरा सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती, बॅग पायाशीच. संध्याकाळी परतीची फ्लाइट. काकांनी बूच काढलं आणि वास थेट माझ्यापर्यंत आला, मनुका उकळल्यासारखा. देवा रे! इराने एक घोट घेतला, जराशी थांबली आणि हसून म्हणाली, "नाइस, बाबा. व्हेरी नाइस."

काकांनीही घोट घेतला होता. वाइन गेलीय हे त्यांना कळलं असणारच. पण त्यांचा चेहरा पडला तो वाइनमुळे नव्हे. मुलगी त्यांना "छान" म्हणाली होती. त्यांनी ग्लास हळूच टेबलावर ठेवला आणि "असू दे, असू दे," असं काहीतरी पुटपुटले. मला ते बघवेना.

"माझ्यामुळे झालं हे," मी बोलून गेले. "सगळा उन्हाळा बाटली आमच्या गॅरेजमध्ये राहिली. मी विसरले. काकांनी चार वर्षं जिवापाड जपली होती गं, माझ्याकडे दिली आणि मी घालवली."

"गॅरेज?" इरा ताठ झाली. "इन टेक्सास? इन ऑगस्ट?"

मी मान खाली घातली. तिने ग्लास उचलला, पुन्हा एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"बाबा, धिस इज टेरिबल! तुम्ही मला सर्दी झाली की काढा द्यायचात ना, एक्झॅक्टली तसं लागतंय. अँड यू वेअर गोइंग टू लेट मी फिनिश इट?"

काका माझ्याकडे वळले. आता आपलं काही खरं नाही, असं मनाशी म्हणत मी वर पाहिलं, तर त्यांचे डोळे भरून आले होते.

"ऐकलंस?" ते म्हणाले. "टेरिबल म्हणाली!"