साडूभाऊंच्या बाटल्या

काचवाल्याचं तसं कुणाशीच फार पटत नसे. खिडक्यांच्या काचा आणि आरसे कापून देण्याचं त्याचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाइकाने माप चुकवून आणलं की तो भांडायचा नाही. काच कापायची हिरकणी टेबलावर ठेवायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि त्या माणसाकडे नुसता बघत राहायचा. निम्मी गिऱ्हाइकं त्या बघण्यानेच परत जायची. बायको म्हणायची, "एकदा ओरडा तरी. समोरच्याला कळेल कुठे लागलंय ते." पण ओरडणं त्याला जमत नसे. राग आतल्या आत मुरायचा.

ह्या मुरलेल्या रागात मोठा वाटा साडूचा होता. साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. शाळांना प्रयोगशाळेचं सामान विकण्यात त्याचा जन्म गेला, त्यामुळे आपण अर्धे शास्त्रज्ञ आहोत असा त्याचा पक्का समज होता. साठीला टेकल्यावर त्याने ट्रायथलॉनचं खूळ डोक्यात घेतलं: आधी पोहायचं, मग सायकल मारायची, मग धावायचं, सगळं एका दमात. त्याच सुमारास त्याची बायको मुलीच्या बाळंतपणासाठी परगावी गेली, आणि काचवाल्याच्या घरापासून पोहण्याचा तलाव जवळ होता. एवढं त्याला पुरलं. एका संध्याकाळी काचवाला दुकानातून आला, तर बैठकीच्या खोलीत सोफ्याला टेकून सायकल उभी, आणि सायकलीशेजारी जमिनीवर उताणा पडून, पाय भिंतीवर उभे करून साडू.

"या, साडूभाऊ, या," साडू खालूनच म्हणाला, जणू घर त्याचंच. "पायातलं रक्त हृदयाकडे परत आणतोय. तुम्हीही करा. पण आधी ते पोट कमी करायला हवं."

काचवाला भिंतीवर उमटलेल्या टाचांकडे बघत राहिला.

बाजारातली तयार पेयं आणि ताकदीची पाकिटं म्हणजे शुद्ध लूट, असं साडूचं मत. सगळं घरी बनवायचं. उकडलेले बटाटे मधात कालवून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायचे, म्हणजे पिशवीचा कोपरा दाताने तोडला की सायकलवर बसल्याबसल्या चोखता येतात. खजूर आणि काळी कॉफी मिक्सरमधून काढून त्याचे चिकट गोळे वळायचे. बिटाचा रस तर रोजचाच, आणि तो फरशीपासून बेसिनपर्यंत सगळीकडे सांडलेला. एकदा काचवाल्याला वाटलं, घरात कुणाचा तरी हात कापला. फ्रीजरमध्ये मांड्यांना गुंडाळायचे ओले टॉवेल कडक होऊन पडलेले असत, त्यांच्यापायी मटार हद्दपार झाले होते. सायकलच्या जुन्या ट्यूब कापून त्यांच्या पट्ट्या साडू पोटऱ्यांना करकचून बांधे आणि तसाच जेवायला बसे.

एवढ्या खटाटोपाचा निकाल मात्र ठरलेला. सरावाच्या शर्यतीत तो झोकात पोहायचा, सायकल रेटायचा, आणि धावायला लागला की थोड्याच वेळात दोन्ही पोटऱ्यांत गोळे येऊन रस्त्याच्या कडेला आडवा व्हायचा. कुणीतरी गाडीत घालून घरी आणून सोडायचं. मग दोष कधी बटाट्याचा, कधी वाऱ्याचा, आणि एकदा काचवाल्याच्या बायकोचा, कारण म्हणे तिने मध बदलला.

"तोच आणला होता हो, भावोजी," ती काकुळतीला येऊन म्हणाली.

"असू दे. प्रयोग आहे, बिघडायचाच. मी काही मनावर घेत नाही," साडूने मोठ्या मनाने तिला माफ केलं.

काचवाल्याचा घास हातातच राहिला. माझ्या घरात माझ्या बायकोला माफ करणारा हा कोण? पण थोरल्या बहिणीचा नवरा, मानाचा पाहुणा. तो मूग गिळून बसला.

ठिणगी पडली ती पिंपावरून. दुकानात काचेच्या कडा घासायच्या चाकाखाली एक निळं प्लॅस्टिकचं पिंप असे. घासताना उडणारं पाणी आणि काचेची बारीक कच त्यात जमा व्हायची. एका दुपारी काचवाला कुणाकडे तरी आरसा बसवायला गेला असताना साडू दुकानात आला, पिंप गटारात रिकामं केलं, वरवर खळबळलं आणि घरी नेलं. गॅलरीत ठेवून त्यात बर्फ भरला, आणि दमल्या स्नायूंना थंडावा मिळावा म्हणून उघड्या अंगाने आत बसला. थंडावा फार टिकला नाही.

काचवाला घरी पोचला तेव्हा साडू पलंगावर पालथा पडला होता आणि खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई चिमट्याने एकेक कण टिपत होत्या.

"त्यात काच होती!" साडू उशीत तोंड खुपसून ओरडला.

"काचेच्या दुकानातलं पिंप आहे," काचवाला म्हणाला. "त्यात काय गुलाबपाणी असणार?"

"मुद्दाम ठेवलंत तुम्ही! माझं चाललेलं डोळ्यांत खुपतं तुमच्या. पहिल्या दिवसापासून ओळखून आहे मी."

"मी दुकानात नव्हतो. पिंप तुम्ही उचललंत, न विचारता."

"बघ, बघ. वर तोंड करून बोलतायत," साडू मेहुणीला म्हणाला.

काचवाल्याने बायकोकडे पाहिलं. ह्यांचा ह्यात काय दोष, एवढं तरी ती म्हणेल असं त्याला वाटलं. ती म्हणाली, "अहो, निदान पिंपावर लिहून तरी ठेवायचं."

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. न केलेल्या गुन्ह्याबद्दल बोलणी खाल्लीच आहेत, तर मग गुन्हा तरी कशाला शिल्लक ठेवायचा?

ओरखडे भरले. मोठी शर्यत येऊन ठेपली. आदल्या संध्याकाळी साडूने मोठ्या पातेल्यात आपलं पेय उकळलं: द्राक्षांचा रस, मध, लिंबू आणि घसा जाळेल इतकं आलं. मीठ नावालाही नाही. मीठ म्हणजे रक्तदाब, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं, आणि एकदा ऐकलेलं तो सोडत नसे. पातेलं निवायला ठेवून तो डोळ्यांवर गार फडकं टाकून, भिंतीवर पाय करून पडला. बायको दूध आणायला खाली गेली होती. काचवाला स्वयंपाकघरात आला, बरणी उघडली, मुठीने मीठ घेतलं आणि पातेल्यात सोडलं. डावाने ढवळलं. ह्या माणसाला भर रस्त्यात, सगळ्या मित्रांदेखत भडाभडा ओकारी व्हावी, एवढीच त्याची इच्छा होती. आयुष्यात दुसरं काही त्याने इतक्या मनापासून मागितलं नसेल.

सकाळी शर्यत बघायला येण्यासाठी बायकोला आग्रह करावा लागला नाही. तो इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याआधी तयार होता.

सायकलवरून उतरताना साडूने बाटली तोंडाला लावली, तोंड वाकडं केलं, ओठ चाटले आणि पुन्हा घटाघटा प्यायला. काचवाला टाचा उंचावून बघत होता. साडू धावत सुटला. तो नेहमी जिथे पडायचा ते वळण आलं. पडला नाही. वळणापलीकडे दिसेनासा झाला. आता गाडी येईल, तिच्यातून आणतील, म्हणून काचवाला वाट बघत राहिला. बऱ्याच वेळाने साडूच आला. घामाने निथळत, वाकडे पाय टाकत, पण स्वतःच्या पायांवर. शेवटची रेषा ओलांडून त्याने दोन्ही हात वर केले. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मळमळायला लागलं ते काचवाल्याला.

दुसऱ्या दिवशी साडूची पोहणारी-पळणारी मित्रमंडळी घरी जमली. दाराशी बुटांचा ढीग. साडू काचवाल्याच्या खुर्चीत बसला होता, गळ्यात पदक, हातात बाटली.

"आल्याने रक्ताभिसरण, द्राक्षांनी ताकद, मधाचं प्रमाण माझं मी बसवलेलं," तो समजावत होता. "आणि गंमत म्हणजे सायकलवर त्याची चव खारट लागली. आधी वाटलं, ओठांवरचा घाम. मग लक्षात आलं, शरीर आपलं मीठ आपणच परत घेतंय! हे पुस्तकात सापडायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्याची नजर दारात उभ्या असलेल्या काचवाल्यावर गेली. "आमच्या साडूभाऊंनी तर मला काचेत बसवून पाहिलं, पण प्रयोग काही थांबला नाही!"

हशा पिकला.

"मीठ मी टाकलं!"

काचवाला ओरडला होता. त्याचा स्वतःचाही विश्वास बसेना.

"काय?" साडू म्हणाला.

"मीठ. तुमच्या पातेल्यात. मुठीने. तुम्हाला ओकारी व्हावी म्हणून."

तलावावर पोहायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तरीच! कितीदा सांगितलं तुम्हाला, थोडं मीठ घाला म्हणून. तुमच्या टोपीवर घामाचे पांढरे पट्टे उमटतात. एवढं मीठ गेलं की गोळे येणारच." आणि त्यांना हसू आवरेना. त्यांच्यामागून बाकीचेही हसले, पण आता हसण्याची दिशा बदलली होती.

साडू उठला. त्याला विष घातलं असतं तर एखादवेळ त्याने माफ केलं असतं. प्रयोगाचं श्रेय घेतलेलं त्याला सोसलं नाही. "तू," तो तुम्हीवरून थेट तूवर आला, "तू काचा पुसणारा माणूस, तुला अक्कल..."

"कापणारा," काचवाला म्हणाला.

साडू त्याच दिवशी गेला. सायकल, पट्ट्या, टॉवेल, सगळं नेलं. मिक्सरही नेला, कारण तो म्हणे त्यांनीच लग्नात दिला होता. थोरल्या बहिणीने धाकटीला फोनवर इतकं सुनावलं की ती फोन ठेवून बराच वेळ तिथेच उभी राहिली.

बायको काचवाल्याशी भांडली नाही. तिने जेवणात मीठ घालणं बंद केलं आणि बरणी लपवून ठेवली. तो मुकाट्याने गिळत राहिला.

"अजून किती दिवस?" शेवटी त्याने विचारलं.

"त्यांच्या छातीत कळ आली असती तर?" ती म्हणाली. "साठीचा माणूस. ताईला मी काय तोंड दाखवलं असतं?"

मुठीत मीठ घेताना ओकारीच्या पलीकडे त्याने खरंच बघितलं नव्हतं. "पण पिंपाचं..." तो पुटपुटला.

"पिंपाचं माझं चुकलं," ती म्हणाली. "मिठाचं तुमचं." दुसऱ्या दिवसापासून जेवण नीट झालं. पुन्हा तो विषय निघाला नाही.

पुढच्या शर्यतीत साडू परत रस्त्याच्या कडेला आडवा झाला, ही बातमी तिनेच दुकानात आणली. काचवाला आरशाची कड घासत होता. त्याने चाक बंद केलं.

"मीठ नव्हतं घातलं?"

"घालतील कसे? शिकवणाऱ्या बाईंनी मिठाच्या गोळ्या दिल्या, त्याही फेकल्या म्हणे. मीठ घातलं की तुम्ही बरोबर ठरता."

काचवाल्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण जेमतेम चाक पुन्हा सुरू करेपर्यंतच टिकला. त्या पोटऱ्यांतले गोळे त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. बायको गेल्यावर त्याने हात पुसले आणि साडूला फोन लावला. साडूने उचलला, आवाज ओळखला आणि ठेवून दिला. काचवाल्याने पुन्हा लावला नाही. लावून काय बोलायचं, ते त्यालाही सुचलं नव्हतं.