मंडलाचा एकुलता एक मास्क

आमच्या मंडलावर (तेलंगणातला तालुकाच म्हणा) विषारी वायूचा हल्ला झालाच असता, तर वाचणारा माणूस फक्त मी होतो.

कारण मंडल कार्यालयातून आदिलाबादला हल्ल्यापासून बचावाच्या प्रशिक्षणाला मी एकटाच गेलो होतो (बाकीच्यांनी वेळीच रजा टाकल्या). अणुबॉम्ब, जंतू, वायू, सगळं दुपारच्या जेवणाआधी आटोपलं. माझ्या लक्षात एवढंच राहिलं, की वारा येतो त्या बाजूला उभं राहायचं. निघताना अख्ख्या मंडलासाठी एक मास्क माझ्या सहीवर मिळाला. "तपासणी होईपर्यंत वापरायचा नाही," साहेबांनी बजावलं.

मास्क मी घरी कपाटावर ठेवला (कार्यालयात उंदीर होते). तपासणीच्या सकाळी खोका उघडला, तर आत फक्त माहितीपत्रक! मास्क गेला म्हणजे माझी नोकरी गेली.

"मास्क कुठं हाय?" मी बायकोला विचारलं.

"मिलिंदानं नेला. वावरात फवारून राह्यला तो."

"सरकारी मास्क कापसात?"

"मंग? मागच्या साली फवारता फवारता चक्कर येऊन पडला माहा भाऊ. तवा आलं होतं का तुमचं सरकार?"

मी सायकल काढली.

वावरात माझा साळा पाठीवर पंप आणि तोंडाला मास्क लावून ऐटीत चालला होता.

"काढ तो! दुश्मनासाठी हाय."

"मंग हे काय हाय, भाऊजी?" त्यानं औषधाच्या डब्यावरची कवटी दाखवली.

मी मास्क ओढून घेतला आणि बाहीनं पुसत बाजूला उभा राहिलो. त्यानं तोंडाला रुमाल बांधून पंप सुरू केला.

"भाऊजी, तिकडं नका उभे राहू. वारा तिकडंच जाते."

"मले नको शिकवू. ट्रेनिंग कोणाचं झालं?"

पुढचा फवारा सगळा माझ्या अंगावर. डोळे चुरचुरले, चक्कर आली.

"लावा ना तो मास्क!"

"तपासणी... व्हायची हाय," म्हणत मी मास्क छातीशी धरून कापसाच्या सरीत आडवा झालो.

मिलिंदानं मला खांद्यावर टाकून दवाखान्यात आणलं. तपासणीही तिथंच, माझ्या खाटेशी झाली. साहेबांनी मास्क उलटापालटा करून पाहिला आणि शेरा लिहिला: "मास्क सुस्थितीत. प्रशिक्षित कर्मचारी नादुरुस्त."

खाली माझी सही घेतली. ती डाव्या हातानं केली, उजव्यात सलाईन होतं.