काकांचा रशियन गवई

रशियातल्या एका गवयावर कुणी शिंतोडे उडवावेत आणि त्यापायी नाशिकमधल्या एका माणसाने रात्रीचं जेवण सोडावं, हे सगळ्या जगात फक्त आमच्या शेजारच्या काकांनाच जमलं. शिंतोडे उडवणारे माझे वडील होते. आमच्या आणि काकांच्या ओट्यांमध्ये कमरेएवढी भिंत होती. संध्याकाळी तिच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून हे दोघे जगाचा कारभार पाहत. "गाता गाता स्टेजवर कोसळला म्हणता, तर घेतली असेल थोडी," एवढंच वडील म्हणाले. काका ताडकन उठून आत गेले. थोड्या वेळाने काकू बाहेर आल्या. त्या मूळच्या सायखेड्याच्या, बोलण्यात आडपडदा नाही. "भाऊजी, त्या रशियाच्या माणसापायी ह्यांनी ताट सरकवलंय. पोरीच्या मॅट्रिकला कधी उपास धरला नाय!"

काका ओझरच्या विमान कारखान्यात स्टोअरला होते. सत्तरच्या दशकात तिथे रशियन इंजिनियरांची ये-जा असे. त्यातला एक मायदेशी निघाला तेव्हा काकांनी त्याला द्राक्षांची पेटी दिली आणि त्याने काकांना एक लहानशी तबकडी दिली. तिच्या पाकिटावर मोकळ्या केसांची एक हसरी बाई होती आणि कुणालाच वाचता न येणारी अक्षरं होती. मग काकांनी जुन्या बाजारातून रेकॉर्ड प्लेअर आणला. त्याचा आतला पट्टा तुटलेला होता, तो त्यांनी सायकलच्या ट्यूबमधून कापून बसवला. वाजवायला तबकडी ही एवढीच, कारण "बाकीच्या गाण्यांना रेडिओ आहे की." प्लेअर सुरू झाला आणि त्यातून एक जाडाभरडा, खोल, विहिरीच्या तळातून यावा तसा पुरुषी आवाज निघाला. एकेक शब्द ओढत, थांबत, कण्हत. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काकांच्या मात्र डोळ्यांत पाणी होतं.

कारण काकांचा आवाज हुबेहूब तसाच होता. गाण्याची त्यांना जन्मजात हौस, आणि गळा असा की शाळेत गायनाच्या मास्तरांनी त्यांना पहिल्याच तासाला खिडकीशी बसवून वारा खायला सांगितलं होतं. भजनी मंडळात त्यांना टाळ दिले. पुढे टाळही काढून घेतले आणि सतरंज्या घालायचं काम दिलं. त्यांच्या पट्टीतलं गाणं कुणी रचलंच नव्हतं. "माझ्या गळ्याचा माणूस आहे रे या पृथ्वीवर," ते मला म्हणाले. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि कशालाही हसत असे, पण त्या वाक्याला मला हसता आलं नाही.

तबकडी ऐकून ऐकून काकांनी ते गाणं पाठ केलं आणि पाकिटावरून गवयाचं चरित्र तयार केलं. गवई बर्फाळ खेड्यात जन्मला. आवाज थंडीने बसला आणि तोच लोकांना आवडला. राजधानीत नाव झालं. पाकिटावरची बाई ही त्याची बायको. ती एका नाटक कंपनीच्या मॅनेजरबरोबर निघून गेली म्हणूनच ती हसते आहे आणि हा कण्हतो आहे. पेपरवाल्यांनी त्यालाच बदनाम केलं, सरकारने रेडिओवरून काढलं, आणि आता तो कुठेतरी ट्रॅक्टर चालवतो. यात दर रविवारी भर पडे. पेपरात मॉस्कोची कसलीही बातमी आली, अगदी गव्हाच्या पिकाची, तरी काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "झालं! आता ह्याच्यावर चौकशी बसणार."

कॉलनीत या प्रकरणावरून सरळ दोन तट पडले. वडिलांचा तट म्हणे की चूक गवयाचीच, बाई सुखासुखी घर सोडत नाही. नळावरच्या सगळ्या बायका त्यांच्या बाजूला. काकांच्या तटात काका आणि सातपूरला शिफ्टला जाणारे दोन फिटर, ज्यांच्या बायका माहेरी गेलेल्या होत्या. सोसायटीच्या सभेत एकदा पाण्याच्या टाकीचा विषय बाजूला राहिला आणि गवयाच्या निषेधाचा ठराव थोडक्यात हुकला. तरी कॉलनीचे जुने अध्यक्ष वारले तेव्हा शोकसभेत गायला काकांनाच बोलावलं, कारण इतकं दुःखी गाणं दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. काकांनी डोळे मिटून ते रशियन गाणं म्हटलं. शब्द एकालाही कळला नाही, पण बायकांनी डोळ्यांना पदर लावले आणि माझ्या वडिलांनीही दोनदा नाक शिंकरलं.

पुढे एका गणेशोत्सवात कारखान्यातल्या नव्या रशियन इंजिनियरला आणि त्याच्या पत्नीला पाहुणे म्हणून बोलावलं, सोबत दुभाषा. काकांनी इस्त्रीचा झब्बा घातला. त्यांच्या गवयाच्या देशातून कुणीतरी प्रथमच त्यांना ऐकणार होतं. दोन दिवस ते फक्त गरम पाणी पीत होते. गाणं सुरू झालं तसा पाहुण्या बाईंनी आदराने चेहरा गंभीर केला. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी तोंडावर रुमाल धरला. गाणं संपल्यावर त्यांनी तबकडी मागितली आणि लाउडस्पीकरवाल्याच्या चांगल्या मशीनवर लावायला सांगितली.

मांडवात एका तरुण मुलीचा खळखळता आवाज घुमला. ढोलकी, बाजा, टाळ्या, सगळं उड्या मारत होतं. बाईंनी जागच्या जागी दोन गिरक्याही घेतल्या. काकांचा ट्यूबचा पट्टा इतकी वर्षं घसरत होता आणि तबकडी निम्म्या वेगाने फिरत होती. दुभाष्याने उरलेलं सांगून टाकलं. पाकिटावरची बाई हीच गायिका. आखूड झगा घालून नाचते म्हणून तिकडच्या पेपरांनी तिला झोडपलं, काही दिवस रेडिओवरूनही काढलं, तेव्हा लोक तिचं गाणं जास्तच गुणगुणू लागले. गाण्याचा अर्थ असा की माझे नवे बूट चावतात, तरी नाच संपेपर्यंत मी बसायची नाही. शोकसभेत आम्ही त्या बुटांवर रडलो होतो.

मांडव हसून हसून लोळला. सगळ्यात मोठ्याने माझे वडील हसले. काकांनी तबकडी पंच्यात गुंडाळली, बाईंना वाकून नमस्कार केला आणि घरी गेले.

प्लेअर माळ्यावर गेला. काका ओट्यावर बसत, पण गाणं नाही आणि गवईही नाही. वडिलांना संध्याकाळ खायला उठे. ते मुद्दाम खोड काढत, "काय हो, पेपरवाल्यांना त्या पोरीला बोलायचा काय अधिकार?" काका म्हणत, "ती नाचतेय. तिला माझी गरज नाही." ज्याला त्यांची गरज होती तो माणूसच नाहीसा झाला होता, आणि त्याच्याबरोबर काकांचा गळाही.

दोनेक वर्षांनी वडील हृदयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. एका संध्याकाळी मला म्हणाले, "काकांना बोलाव. ते बुटांचं म्हणायला सांग." काका आले आणि दारातच थांबले. "अहो, ते असं नाहीये. नाचाचं आहे ते."

"तुमच्यासारखंच म्हणा," वडील म्हणाले.

काका पलंगाशी बसून गायले. तोच जड, ओढलेला आवाज. मी पायथ्याशी होतो. चादरीखाली वडिलांचा पाय हलत होता, मांडवात ऐकलेल्या त्या नाचऱ्या ठेक्यात. काकांनी तो पाहिला, पण आपली लय सोडली नाही. गाणं संपलं. वडील डोळे न उघडताच म्हणाले, "काही म्हणा, चूक त्याचीच होती. बाई सुखासुखी घर सोडत नाही."

काका ताडकन उभे राहिले. "तुम्हाला काय माहीत हो त्याचे हाल?" म्हणाले, आणि खुर्ची जवळ ओढून पुन्हा बसले. त्यांचा आवाज अंगणापर्यंत ऐकू जात होता. स्वयंपाकघरात आई हसत होती आणि डोळे पुसत होती. त्यानंतर रोज संध्याकाळी गवयाचं पुढचं चरित्र चालू राहिलं.

थंडी पडायच्या आत वडील गेले. त्या रात्री काकांनी ताट सरकवलं. काकू या वेळी कुणाला काही सांगायला बाहेर आल्या नाहीत.