चावी हातातच होती

इनासकाका घंटा वाजवायचे ती अगदी सेकंदावर. आमच्या गावच्या वाचनालयात रविवारी चर्चमधला दुसरा मिस्सा आटोपला की वादमंडळ भरतं. कॉलेजची आठ-दहा मुलं एखादा विषय घेऊन भांडतात आणि मी त्यांना कसं भांडायचं ते शिकवते. चार मिनिटांनी पहिली घंटा, पाच मिनिटांनी दुसरी. दुसरी वाजली की वाक्य अर्धवट टाकून खाली बसायचं, हा काकांचा नियम. एकदा मी स्वतः समारोपाला उभी होते. शेवटचे तीन शब्द राहिले होते आणि यांनी घंटा हाणली. नंतर मी कुरकुर केली तर म्हणाले, "बाई, टाइम म्हंजे टाइम. तीन शब्दांत कायपन होते."

सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. सत्तरीला टेकलेला, अंगाने काटक, आणि वाडीत केळीची सुकलेली पानं कापतानाही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. सकाळी वाचनालयात यायचे, वर्तमानपत्राचं परदेशच्या बातम्यांचं तेवढं पान वाचायचे आणि बाकीची घडी न मोडता ठेवून जायचे. एवढं जग पाहिलेला माणूस म्हणून मी त्यांना परीक्षक व्हायची गळ घातली. ते म्हणाले, "घंटा वाजवीन. निकाल देनार नाय." पुढे सहा वर्षं त्यांनी ते तंतोतंत पाळलं.

आमच्या मंडळाची एक पद्धत आहे. बाजू चिठ्ठीने ठरते. अनुकूल आलं तर अनुकूल बोलायचं, प्रतिकूल आलं तर प्रतिकूल, तुमचं मत गेलं चुलीत. ‘ज्याला दोन्ही बाजू मांडता येत नाहीत, त्याला एकही कळलेली नाही,’ हे माझं आवडतं वाक्य; तीस वर्षं वर्गात वापरून गुळगुळीत केलेलं. काकांनी एकदा टेबलावरच्या चिठ्ठ्या उलगडून पाहिल्या, पुन्हा नीट दुमडल्या आणि म्हणाले, "आमालापन चिठ्ठीच यायची. वायरलेसवर." मी हसले. ते हसले नाहीत.

गावात त्यांच्याबद्दल एक कुजबुज होती. काका एकही मिस्सा चुकवत नसत, पण कम्युनियनचा प्रसाद घ्यायची रांग लागली की शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसून राहत. मनावर पाप असेल तर कम्युनियन घेत नाहीत, त्यामुळे आमच्याकडे असं बसून राहणारा माणूस लगेच डोळ्यांवर येतो. सैन्यात असताना ते संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून आफ्रिकेतल्या एका देशात शांतता राखायला गेले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा गावाने हिशोब जुळवला, की तिकडे एक बायको केली असणार आणि ते पाप छातीवर घेऊन म्हातारा बसलाय. त्यांच्या बायकोच्या, सिसिलीकाकींच्या कानांवरही हे गेलं होतं. फुलपुडीसाठी मोगरा निवडता निवडता त्या मला एकदा म्हणाल्या, "बायको असती तर बरं झालं असतं गं. निदान भांडता आलं असतं."

मग तो विषय आला. वसईला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती आणि विषय होता, ‘अशांत परदेशात सैन्य पाठवणे नैतिक आहे’. आमच्यातर्फे शर्वरीला पाठवायचं ठरलं. ही आचोळ्याची मुलगी, बस आणि रिक्षा बदलत दर रविवारी यायची. जीभ तलवारीसारखी, आणि मराठी मुंबईचं. एका वाक्यात तीन भाषा. चिठ्ठीत तिला प्रतिकूल बाजू आली. सरावात ती म्हणाली, दुसऱ्याच्या घरात आग लागली म्हणून तुम्ही बंदूक घेऊन घुसणार, हा हक्क तुम्हांला दिला कोणी? समोरचा मुलगा म्हणाला, शेजारी माणसं जळत असताना दारात उभं राहून कायद्याचं पुस्तक चाळणार का? दोघंही छान बोलली. मी दोघांनाही शाबासकी दिली.

त्या दिवशी काका घंटा कपाटात ठेवून लगेच घरी गेले नाहीत. मला म्हणाले, जरा वाडीत या. केळींमध्ये पाटाचं पाणी सोडलेलं होतं. ते बांधावर उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता बोलू लागले.

त्या देशात एका शाळेच्या आवारात त्यांच्या तुकडीचा तळ होता. आजूबाजूच्या गावांतून पळून आलेली माणसं त्यांनी आत घेतली होती, मैदान भरलं होतं, पिण्याचं पाणी संपत आलं होतं. रोज फाटकाशी एक बाई केळी विकायला यायची. काका केळीच्या गावचे, त्यामुळे ते फणी उलटी करून देठ बघायचे आणि ती हसायची. भाषा दोघांनाही एकमेकांची येत नव्हती. एका दुपारी आणखी माणसं आली, मागून हत्यारवाले येत होते. वायरलेसवर हुकूम आला, आता फाटक उघडायचं नाही आणि आपल्यावर गोळी आल्याशिवाय गोळी झाडायची नाही. फाटकावर काका होते.

"ती बाई म्होरं होती," ते म्हणाले. "वरडली नाय, रडली नाय. माज्याकडं बगत होती. मला तिच्याकडं बगवेना, म्हनून मी खिसे चाचपायला लागलो. वरचा खिसा, खालचा खिसा. तिला वाटलं, मी चावी शोधतोय. ती थांबली, बाई. बाजूला वाट होती, शेत होतं, बाकीचे पळाले. ती थांबली. चावी माज्या हातातच होती."

नंतर काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वाफा भरला तसा त्यांनी पाट वळवला. मग म्हणाले, "पोरगी म्हनते जायचं नाय. पोरगा म्हनतो जायचं. गेल्यावर काय, ते कोनीच म्हनत नाय. तिला सांगू नका. तुमाला म्हाईत असू द्या."

आता माझी चूक सांगते. मी शर्वरीला सांगितलं. नाव नाही सांगितलं, गाव नाही सांगितलं, असं मी स्वतःला समजावलं. एक ‘ऐकीव प्रसंग’ म्हणून दिला. मुलीच्या भाषणात नुसते मुद्दे होते, माणूस नव्हता, आणि माझ्यातल्या मास्तरणीला ते बघवेना. तीस वर्षांत एवढा धारदार दाखला माझ्या हाती लागला नव्हता. "मॅडम, सॉलिड आहे हे," ती म्हणाली. हे ऐकून मला आनंद झाला, तोही कबूल करते.

स्पर्धेच्या दिवशी आयोजकांचा वेळ पाहणारा माणूस आला नाही. मी आगाऊपणे म्हटलं, आमचे सुभेदार आहेत ना; शर्वरी काय सांगणार आहे, ते त्या घाईत मला आठवलंच नाही. काका पहिल्या रांगेत घंटा घेऊन बसले. शर्वरी उभी राहिली, मुद्दे मांडले आणि शेवटी ती त्या फाटकावर आली. तिने स्वतःच्या कुर्त्याचे खिसे चाचपून दाखवले. वरचा, खालचा. आणि म्हणाली, "परदेशात गेलेलं प्रत्येक सैन्य हेच करतं. चावी हातात ठेवून खिसे चाचपतं."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. चार मिनिटं झाली होती, घंटा वाजली नाही. पाच झाली, सहा झाली. शर्वरीने बोलणं संपवलं, तरी घंटा नाही. परीक्षक मान वळवून बघू लागले. काका दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. मग त्यांनी घंटा टेबलावर ठेवली, आवाज होऊ न देता, आणि बाजूच्या दाराने निघून गेले. शर्वरीला पहिलं बक्षीस मिळालं. मी चषक हातात घेऊन फोटो काढून घेतला आणि घरी येऊन न जेवता बसून राहिले.

पुढचे तीन रविवार ते आले नाहीत. चौथ्या रविवारी मी मनाचा हिय्या करून त्यांच्या घरी गेले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते. पण ते म्हणाले, "पोरगी बरोबर बोलली. फक्त टाळ्या वाजल्या, तवा मला वाटलं, ती बाई ऐकते हाय." मग आपणहून बोलले. इतक्या वर्षांत ते चार वेगवेगळ्या फादरांकडे पापनिवेदनाला गेले होते. चौघांनीही हेच सांगितलं, की तुम्ही हुकूम पाळलात, आतल्या माणसांना वाचवलंत, यात पाप नाही. तिकडे अधिकाऱ्यांनी शिस्तीबद्दल त्यांची पाठ थोपटली. इकडे गावाने प्रजासत्ताक दिनाला झेंडा लावायला बोलावलं.

"पापच नाय, तर माफी कशाची मागू?" ते म्हणाले. "माफी पापाला मिळते. मला कोन पापच देत नाय." आणि मग त्यांनी मला सरळ विचारलं, "तुमी शिकलेल्या हाय. सांगा. उघडायला पायजे होतं का?"

मी घसा खाकरला. म्हटलं, काका, एका बाजूने पाहिलं तर आतल्या लोकांची जबाबदारी तुमच्यावर होती. हत्यारवाले आत शिरले असते तर सगळेच गेले असते. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर... त्यांनी हात वर केला. "बाई, आज चिठ्ठी नाय," एवढंच म्हणाले. दोन डगरींवर पाय ठेवून मी त्यांच्या ओसरीवर बसले होते. सिसिलीकाकींनी चहा आणला, तो मी प्यायले आणि उठले.

घडलेलं सगळं मी शर्वरीला सांगितलं. तो ‘ऐकीव प्रसंग’ कोणाचा होता, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ती माझ्यावर इतकी चिडली की माझ्याशी बोलेनाच. मग म्हणाली, मला घेऊन चला. तोवर काकांच्या छातीत पाणी झालं होतं, ते खाटेवर उशांना टेकून बसलेले असत. शर्वरी खाटेशी जमिनीवर बसली. आधी माफी मागितली. काका म्हणाले, तुझा काय दोष, तुला म्हाईत नव्हतं. मग त्यांनी तिलाही तेच विचारलं. मला विचारलं होतं, त्याच शब्दांत.

शर्वरीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हो काका," ती म्हणाली. "उघडायला पाहिजे होतं. ती तुमच्यामुळे थांबली. ते चुकलं."

मला वाटलं, आता या म्हाताऱ्याचं काही खरं नाही. मी पुढे व्हायला लागले. सिसिलीकाकींनी माझा हात धरला.

काका बराच वेळ श्वास गोळा करत होते. मग म्हणाले, "आनि तू असतीस तर उघडलं असतंस?"

ती पटकन हो म्हणेल असं मला वाटलं. एवढी वादपटू मुलगी. पण ती म्हणाली, "नाही माहीत. भीती वाटली असती. मेबी मीपण..."

"बस," काका म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बास झालं. चूक म्हननारं मानूस पायजे होतं. पन वर बसून म्हननारं नको होतं." मग काकींकडे वळून म्हणाले, फादरला निरोप दे, उद्या आले तर बरं.

दुसऱ्या दिवशी फादर आले आणि खोलीचं दार लोटून घेतलं. आत काय बोलणं झालं ते विचारायचं नसतं आणि कोणी विचारलंही नाही. नंतर काकांनी खाटेवरच कम्युनियन घेतलं. इतक्या वर्षांनी. काकी सांगत होत्या, त्यांनी डोळे मिटलेच नाहीत, टक्क उघडे ठेवून फादरांकडे बघत राहिले. नऊ दिवसांनी ते गेले. सगळा गाव मातीला होता. भाषणात कोणीतरी म्हणालं, परदेशात देशाची मान उंचावणारा वीर. माझ्याशेजारी शर्वरी पुटपुटली, "फाटकावर काय झालं, ते यांनी पण नाही विचारलं." तिने ओंजळीतली माती टाकली आणि हात न झटकता तशीच बस पकडायला गेली.

वादमंडळ चालू आहे. चिठ्ठ्या मी बंद केल्या. आता ज्याचं जे मत असेल ते त्याने मांडायचं, आणि मांडून झाल्यावर एक प्रश्न मी विचारते, की फाटकावर तू असतास तर? बरीचशी मुलं गप्प होतात. त्या गप्प होण्याला मी गुण देते. हे इनासकाकांनी शिकवलं असं मी लोकांना सांगते आणि लोकांना ते आवडतं.

पण जे मी कोणाला सांगत नाही ते असं. त्या केळीवाल्या बाईचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही. तरी वर्तमानपत्रात कुठल्यातरी देशात कुणाचं तरी सैन्य शिरल्याची बातमी असते, किंवा शिरलं नाही म्हणून काय झालं त्याची असते, आणि ती बाई येऊन माझ्यासमोर उभी राहते. काका होते तोवर ती त्यांच्याकडे जायची, आता माझ्याकडे येते. काही मागत नाही, रडत नाही. ती थांबलेली असते, कारण मी बोलते आहे. एका बाजूने पाहिलं तर, मी म्हणते. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर. आणि तिला वाटतं, माझं हे बोलून झालं की मी उघडणार आहे.