माझ्या लसीच्या भरवशावर आई

मी चाकणला ज्या लॅबमध्ये काम करते, तिथे रेबीजवर डीएनए लस बनवायची धडपड चालू आहे. एकदा रहाटणीच्या घरी चहा पिताना आईला समजावलं, "यात विषाणू टोचायचाच नाही. त्याच्या अंगावरच्या एका प्रथिनाची कृती तेवढी द्यायची. पदार्थ आपलं शरीर बनवतं आणि शत्रू ओळखायला शिकतं." मग भाव खात पुढे ठोकून दिलं, "बघच तू, चार-पाच सुया नकोत, एकीत काम!" आमच्या चाचण्यांची गाडी अजून उंदरांच्या पुढे सरकली नव्हती, ते सांगायचं राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात भाजी आणताना आईच्या पोटरीला कुत्रं चावलं. पहिल्या सुईला दवाखान्यात मीच नेलं. पुढच्यांना शेजारणीसोबत जाते म्हणाली, म्हणून मी निर्धास्त. सहाव्या दिवशी तिचा सुयांच्या नोंदीचा कागद सहज हाती लागला. तिसऱ्या दिवसाचा रकाना कोरा!

"आई, हे काय गं?"

"अगं, रांग किती तिथं! आन् तुझी एका सुईवाली येतीयेच की. लेकीची लस असताना दुसऱ्याची कशाला टोचून घेऊ?"

मला काय राग आला म्हणता! "अक्कल गहाण ठेवलीस का? हा आजार एकदा झाला की औषध नाही, माणूस जातोच!" रिक्षात बसेपर्यंत माझी बडबड चालू होती. खरं तर स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. आता एकही चुकवायची नाही." आईला सुई टोचली आणि मलाच रडू आवरेना. ती आपली शांत.

पुढे दर वेळी मी रजा टाकून सोबत गेले. आई सुखरूप राहिली. शेवटची सुई झाली त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मी कबूल केलं, "आई, माझी लस माणसांपर्यंत कधी येईल, येईल की नाही, मलाही ठाऊक नाही. मी उगाच फुशारकी मारली. तू तरी कसा विश्वास ठेवलास?"

तिने पदराने माझे डोळे पुसले.

"मग कुणावर ठेवू?"