न दुखणारा गुडघा

नवीन पनवेलला फिजिओथेरपीसाठी जायचो, तेव्हा शेजारच्या खाटेवर तो असायचा. इतका उंच, की पाय खाटेबाहेर जात. मग स्वतःच प्लास्टिकचं स्टूल ओढून त्यावर टाचा टेकवायचा. देशोदेशींच्या क्लबांकडून बास्केटबॉल खेळून तो आता कायमचा घरी आला होता.

डॉक्टरबाई त्याचा सुजलेला गुडघा दाबून विचारायच्या, "दुखतंय?"

"नाही." पण खाटेची कड धरलेली बोटं पांढरी पडलेली असायची.

एकदा मी चिडलोच. "अरे बाबा, खरं सांग की त्यांना! त्याशिवाय इलाज कसा करणार त्या?"

तो ओशाळून हसला. "काका, बाहेरून आणलेल्या खेळाडूनं दुखतंय म्हटलं, की क्लब परतीचं तिकीट हातात ठेवायचा. प्रत्येक देशात त्यांच्या भाषेतलं पहिलं वाक्य मी हेच शिकलो. दुखत नाही."

गेल्या आठवड्यात बाईंनी एक्स-रे बघितला. सांधाच बदलावा लागेल, म्हणाल्या. दुखतंय हे आधी कळलं असतं, तर व्यायाम तेव्हाच थांबवला असता. मग गुडघ्यावर हलकेच हात ठेवून त्यांनी विचारलं, "आता तरी सांगा. दुखतंय ना?"

त्यानं आधी दाराकडे पाहिलं. तिथं कोणीच नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.